डाव्या चाकावरचा आवाज

सिस्टर आल्या की मिस्त्रींना वाचा फुटते, हे सगळ्यात आधी त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. आणि एकदा ते लक्षात आल्यावर तिला दुसरं काही दिसेनासं झालं.

एरवी मिस्त्री म्हणजे शब्द उसने आणून बोलावेत तसे बोलणारे. "चहा ठेवू?" म्हटलं तर "हं." "भाजीत मीठ बरोबर आहे का?" म्हटलं तर मान हलवायचे, आणि ती मान हो म्हणाली की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. बोलणं कमी पण माणूस सरळ, असं तिनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि त्यावर संसार चालला होता.

दोघांचं दुकान म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. पुढच्या भागात मिस्त्रींचं काम: गाड्या आतून शांत करायच्या. गाडी आली की सीट काढायच्या, गालिचा काढायचा, दारांची अस्तरं उतरवायची, खालचा उघडा पत्रा धुऊन पुसून कोरडा करायचा आणि त्यावर काळी, जड, चिकट शीट तापवून रुळानं दाबत दाबत बसवायची. तिच्यावर फोम, फोमवर फेल्टचं जाड, मऊ कापड, आणि जिथं जिथं भोक किंवा फट असेल तिथं रबर. काम संपलं की ते बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करायचे. आधी घंटेसारखा वाजणारा पत्रा आता बद्द वाजायचा. तो बद्द आवाज ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते घरात कुठल्याही गोष्टीनं येत नसे. शेडच्या मागच्या भागात खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. गाडीच्या आत जे जे कापडाचं आणि रेक्झिनचं, ते सगळं तिच्या हातचं. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. ट्रकवाले म्हणत, टॅक्सीवाले म्हणत, तिच्या बापाच्या वयाचे लोकही म्हणत.

त्या दुकानात एक दिवस हॉस्पिटलची अँब्युलन्स आली. गाडी चालवणारा स्वतःला पायलट म्हणवून घ्यायचा आणि लोकही त्याला तेच म्हणायचे. त्याच्या शेजारून सिस्टर उतरल्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख.

"ही गाडी बाळांसाठीच आहे," त्या म्हणाल्या. "लहान दवाखान्यातून आमच्याकडे आणतो. एखादं किलोचं असतं, एखादं तेवढंही नसतं. तास, दीड तास या गाडीत काचेच्या पेटीत असतात. आवाज वाढला की त्यांचे ठोके वाढतात, ऑक्सिजन खाली येतो. औषधानं कमवायचं आणि रस्त्यानं घालवायचं, असं चाललंय."

मिस्त्रींनी सगळ्या गिऱ्हाइकांना विचारायचे तेच विचारलं. "आवाज कसला येतो?"

गिऱ्हाइकं या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर देत: येतो ना, खूप येतो, कमी करा. सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "साठच्या पुढे गेलं की पायाखालून घूंऽऽ असा. तो सायलेन्सरचा असावा, कारण चढावर वाढतो. मागच्या चाकांवरून सारखी खरखर. खडीचा रस्ता लागला की फाडफाड. आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी. ती फक्त समोरून वारा असला तर."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी तेव्हा मशीनवर एका सीटचं कव्हर शिवत होती. तिनं नवऱ्याची ती नजर पाहिली आणि तिचा पाय पॅडलवर थांबला. वाळवंटात तहानलेल्या माणसानं भरलेला माठ पाहावा, तशी ती नजर होती.

काम तीन आठवड्यांचं ठरलं. सिस्टर दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी येणार, कारण गाडीतली कुठली जागा मोकळी ठेवायची, कुठं ऑक्सिजनची नळी जाते, कुठलं कापड औषधानं पुसता आलं पाहिजे, हे त्यांनाच माहीत. वहिनीलाही ते पटलं होतं. पटलं नाही ते पुढचं.

पहिल्या बुधवारी मिस्त्रींनी रॉकेलनं नखं साफ केली. एकोणीस वर्षांत ही नखं तिनं काळीच पाहिली होती. भावाच्या लग्नातही काळी होती. दुसऱ्या बुधवारी एकुलती एक धड खुर्ची मागच्या भागातून पुढे गेली आणि वहिनीच्या वाट्याला डगमगणारं स्टूल आलं. आणि बोलणं तर काय विचारता. आतून कान लावून ऐकावं लागत नव्हतं, धबधबाच सुरू. हा जाडसर पत्रा कमी गुणगुणतो, पातळ जास्त. जमिनीला एवढी छोटी भोकं असली तरी पुरे, सगळा रस्ता आत येतो. सायलेन्सरला धरून ठेवणारे रबर कडक झाले की त्याची थरथर थेट जमिनीत. सिस्टर मध्येच "थांबा, हे परत सांगा," म्हणायच्या, आणि मिस्त्री परत सांगायचे. हौसेनं.

सिस्टर देखण्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. त्या नव्हत्या. वहिनीएवढ्याच वयाच्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं, केस घट्ट बांधलेले, हातांची कातडी सारखं धुऊन धुऊन पांढरट झालेली. त्यामुळं वहिनीची जास्तच पंचाईत झाली. रूपाशी भांडता येतं, काजळ घालता येतं. या बाईशी भांडायचं ते कशानं?

संध्याकाळी घरी जाताना पुन्हा तेच. "सिस्टर म्हणत होत्या..." असं सुरू व्हायचं. सिस्टर म्हणत होत्या, की बाळांना आईचा आवाज कळतो. सिस्टर म्हणत होत्या, की गाडीतली थरथर आवाजापेक्षा वाईट. पूर्वी ही वाट दोघं मुकाट्यानं चालायचे, आणि वहिनीला ते मुकेपण चांगलं वाटायचं. आता ते बोलत होते आणि तिला ते ऐकवत नव्हतं.

दुकानाला लागून तिच्या नणंदेचं झेरॉक्सचं दुकान होतं. नणंद मोठी, तोंडाची सैल, मनाची तशी वाईट नाही. एका शनिवारी ती दारात उभी राहून शेडमधलं बोलणं ऐकत म्हणाली, "आमचा हा इतकं बोलतो, हे मला आजच कळलं. लहानपणी आईला वाटायचं की मुका आहे."

"कामाचं बोलतात," वहिनी म्हणाली.

"कामाचंच गं. आणि सिस्टरच म्हणतो ना तो त्यांना? मग काळजी नाही." नणंद जरा थांबली. "म्हणजे, सगळं गावच त्यांना सिस्टर म्हणतं म्हणा. पण तरी."

एवढी ठिणगी टाकून ती झेरॉक्स काढायला निघून गेली.

त्याच दिवशी वहिनी माप घ्यायला अँब्युलन्सपाशी गेली. मागचं दार अर्धं उघडं होतं, इंजिन चालू होतं. आत जमिनीवर दोघं उताणे पडले होते, मध्ये हातभर अंतर, पायलट पुढे बसून एक्सिलेटर दाबत होता. दारातून फक्त पाय दिसत होते. सिस्टरांचे पांढरे बूट, आणि मिस्त्रींचे मोजे. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते शिवायचं वहिनी चार दिवस पुढे ढकलत होती.

"आता ऐका," मिस्त्री आतून म्हणत होते. "खालचा, खर्जातला. तो सायलेन्सर. ऐकलात?"

"हो. आणि त्याच्यावर काहीतरी बारीक थरथरतंय. पेला वाजावा तसं."

"बरोबर. ते मला वाटतं दिव्याचं झाकण. कुणालाच ऐकू येत नाही ते."

कुणालाच ऐकू येत नाही. म्हणजे दोघांनाच येतं. वहिनी माप न घेताच परत फिरली. लग्नाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ते तिलाही असं काही सांगायला यायचे, हे तिला आठवलं. मशीनपाशी उभे राहून काहीतरी सांगायचे आणि ती मान डोलवत शिवत राहायची. पण मशीन काही आपोआप चालत नाही, आणि कामं वेळेत द्यावी लागतात. ती आठवण तिनं झटकून टाकली. भोकाचा मोजा मात्र डोळ्यांपुढून हलेना. मला लाज वाटली पाहिजे की त्यांना, हेच तिला ठरवता येईना.

तरीही काम तिनं चोख केलं. चाकांच्या वर जो फुगीर भाग गाडीत आत येतो, तिथून रस्त्याचा आवाज सगळ्यात जास्त यायचा. त्यासाठी मिस्त्रींनी प्लायच्या दोन फळ्या कापल्या होत्या. त्यांवर फोम, वरून वहिनीचं पांढरं रेक्झिन. फळीची कड गाडीच्या लोखंडाला नुसती टेकली तर वाजते, म्हणून रेक्झिनच्या आतल्या बाजूनं कडेकडेनं फेल्टची पट्टी शिवायची, दुहेरी टाक्यानं. दोन्ही फळ्या तिनं शुक्रवारी पुऱ्या केल्या. टाका असा, की भिंग लावून बघावं.

शनिवारी सिस्टर आल्या त्या हातात एक छोटा डबा घेऊन. कानात घालायचे मऊ पिवळे बोळे होते. "मिस्त्री, तुमच्या ग्राइंडरचा आवाज मी मोजला. असेच कान उघडे ठेवून काम केलंत तर पाच वर्षांत दारातली माझी ती शिट्टी तुम्हाला ऐकू येणार नाही. हे घाला."

मिस्त्रींनी बोळे घातले. लगेच, तिथल्या तिथं. आणि दिवसभर काढले नाहीत.

दहा वर्षं वहिनी सांगत होती, कानात कापूस घाला. ग्राइंडर सुरू झाला की सांगायची, आजारी पडले की सांगायची, जेवताना सांगायची. कापसाचं पुडकं त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तिनं स्वतः ठेवलं होतं. त्यानं ते ग्रीस पुसायचे. आता ते पिवळे बोळे मिरवत फिरत होते, आणि नणंदेनं हाक मारली तर ऐकू न आल्याचं कौतुकानं हसून दाखवत होते.

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणी नव्हतं. वहिनीनं डावी फळी ओढून घेतली, उलटी केली, ब्लेड काढलं आणि फेल्टची पट्टी एक वीतभर उसवली. पट्टी कापून कमरेला खोचली. रेक्झिन पुन्हा घडी घालून जागेवर बसवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. इतकं सहज जमलं, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं; तेव्हा मात्र नवल वाटलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की गाडी एकदा वाजावी. सिस्टरांच्या त्या अचूक कानांना मिस्त्रींचं काम एकदा कच्चं लागावं, आणि तो धबधबा आटावा.

दुपारी मिस्त्रींनी फळी उचलली आणि बसवून टाकली. मागची बाजू पाहिलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी गाडी परत आली. सिस्टरांच्या कपाळावर आठी होती. "बाकी सगळं सुरेख झालंय. घूंऽऽ गेला, खरखर गेली. पण पंचावन्न ते साठच्या मध्ये डावीकडून काहीतरी वाजतं. टर्रर्र असं. शांत गाडीत ते फारच लागतं."

वहिनीला थंडगार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. पण ते सुख घटकाभराचंच. आवाज फक्त पंचावन्न ते साठच्या मध्ये येतो, म्हणजे शेडमध्ये उभ्या गाडीत तो सापडणार कसा? गाडी रस्त्यावर न्यायला हवी, आणि मागे बसून दोघांनी ऐकायला हवं. मिस्त्री आणि सिस्टर गाडीत बसले, पायलटनं दार लावलं आणि गाडी गेली. तासाभरानं आली. मिस्त्री उतरले ते शिकाऱ्यासारखे, डोळे बारीक करून.

"सापडेल," ते म्हणाले. "उद्या पुन्हा जाऊ."

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. बुधवार-शनिवारचा नियम मोडला आणि सिस्टर ड्यूटी संपली की रोजच येऊ लागल्या. वहिनी मशीनवर बसून गाडी बाहेर जाताना पाहायची आणि परत येईपर्यंत तिची एक शिवण सरळ यायची नाही. स्वतःच्या हातानं तिनं त्या दोघांना बंद गाडीत बसवून दिलं होतं, आणि रोज तासभर.

मिस्त्रींनी जमीन उखडली. सगळी काळी शीट तपासली, नव्यानं दाबली. दोन दिवसांनी पुन्हा उखडली. दिव्याचं झाकण बदललं, सायलेन्सरचे रबर बदलले, दाराची कडी बदलली. तिसऱ्यांदा जमीन उखडली तेव्हा सिस्टर शेजारी उभ्या होत्या. वहिनी गाडीचा तयार पडदा घेऊन दोन हातांच्या अंतरावर आली होती. गाडीच्या आड असल्यानं त्यांना ती दिसली नाही.

"मिस्त्री, ही डावी फळी काढून बघायची का?" सिस्टर म्हणाल्या. "मला राहून राहून तिथंच वाटतं."

"तिथं वेळ घालवू नका," मिस्त्री म्हणाले. "त्या फळीची शिलाई घरची आहे. एकोणीस वर्षांत तिचा टाका सुटलेला मी पाहिला नाही. चूक माझीच कुठंतरी आहे."

वहिनी पडदा तसाच घेऊन मागे गेली. मशीनच्या सुईत दोरा ओवायला बसली, तर दोरा ओवला जाईना. एवढं बोलायला या माणसाला दुसरी बाई समोर लागावी? आणि बोलला तर काय, हे? तिला त्यांचा राग आला, सिस्टरांचा आला, आणि मग जो तिसरा राग आला त्याला जायला कुठं जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वाकडी सुई, दोरा आणि फेल्टची नवी पट्टी पदराआड घेतली आणि अँब्युलन्समध्ये चढली. मिस्त्री जेवत होते. फळीचा पहिला स्क्रू सैल केला तोच पायलट धावत आला. "वहिनी, उतरा, उतरा. बोलावणं आलंय. बाळ आणायचंय." तिनं स्क्रू कसाबसा पुन्हा आवळला. गाडी धुरळा उडवत निघून गेली आणि ती शेडच्या दारात पट्टी हातात घेऊन उभी राहिली.

त्यानंतरच्या सकाळी मिस्त्री आणखी एका जातीचं रबर शोधायला दूरच्या बाजारात गेले होते. अँब्युलन्स आली. पायलट चहाला गेला, आणि सिस्टर सरळ मागच्या भागात मशीनपाशी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"वहिनी, जरा येता?"

गाडीत चढून त्यांनी डाव्या फळीवर तळहात ठेवला. "काल नऊशे ग्रॅमचं बाळ होतं. घाई म्हणून पायलटला पंचावन्नच्या खाली जाता येईना, आणि रस्ता असा, की साठच्या वर जाता येईना. टर्रर्र सुरू झालं की बाळाच्या कपाळावर आठी यायची. एवढंसं कपाळ, त्यावर आठी. मग मी फळीवर हात दाबून धरला. दाबला की थांबतं. सत्तर मिनिटं धरला."

"बाळ?" वहिनीनं विचारलं.

"पोचलं. बरं आहे. पण म्हणजे आवाज इथलाच आहे, मला खात्री झाली. मिस्त्री ऐकत नाहीत. तुम्ही उघडता का?"

वहिनीनं स्क्रू काढले. फळी उलटी केली. रेक्झिनची घडी उघडली आणि वीतभर मोकळी जागा समोर आली. सिस्टर वाकल्या, टाक्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं. टाके घालणं आणि काढणं त्यांच्याही रोजच्या कामातलं.

"तुटलेले नाहीत हे," त्या हळू म्हणाल्या. "कापलेत."

"हो," वहिनी म्हणाली.

"कुणी?"

"मी."

बाहेरून एक ट्रक गेला. शांत केलेल्या त्या गाडीत तो दूरच्या गावातून गेल्यासारखा वाटला. सिस्टर काचेच्या पेटीच्या चौकटीवर टेकल्या. ओरडल्या असत्या तर वहिनीला सोपं गेलं असतं.

"का?"

"तुम्ही आलात की हे बोलतात," वहिनी म्हणाली. बोलून झाल्यावर ते इतकं पोरकट वाटलं की तिनं आणखी काही जोडायचा प्रयत्न केला. "माझ्याशी बोलत नाहीत. दहा वर्षं मी कापूस घाला म्हणतेय."

सिस्टरांना कापसाचं काही कळलं नसावं. त्यांनी रेक्झिनची उघडी घडी बोटानं सारखी केली. मग म्हणाल्या, "तुमच्याशी खोटं बोलत नाही. मलाही इथं यायला आवडायचं. वॉर्डात मी सांगितलेलं एक वाक्य कुणी पुरं ऐकून घेत नाही. डॉक्टर घाईत, बाळांचे आईवडील घाबरलेले. इथं एक माणूस म्हणायचा, अजून काय ऐकू येतं ते सांगा. त्याचं बरं वाटायचं. त्यापलीकडे काही नव्हतं. पण बरं वाटायचं, हे खरं."

वहिनीला वाटत होतं, की त्या म्हणतील, छे, तुमचा गैरसमज. तसं म्हणाल्या असत्या तर तिनं मनातल्या मनात विश्वास ठेवला नसता. यावर मात्र तिला विश्वास ठेवावा लागला, आणि ते काट्यासारखं आतच राहिलं.

"पण वहिनी, गाडी बाळांची आहे," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी वहिनीची मान खाली गेली. "मिस्त्रींशी भांडायचं तर घरी भांडा. माझ्याशी भांडायचं तर वॉर्डात या. इथं नको. आता शिवा."

त्यांनी मोबाइलचा उजेड धरला आणि वहिनी जमिनीवर बसून वाकड्या सुईनं शिवू लागली. आधीच्या टाक्यात टाका, दुहेरी. मध्ये एकदा सिस्टर म्हणाल्या, "गाठ छान घालता." तेवढंच. दोरा दातानं तोडला तेव्हा वहिनीचे डोळे भरले होते, आणि सिस्टर दुसरीकडे पाहत होत्या.

दुपारी मिस्त्री रबर घेऊन आले. सिस्टर म्हणाल्या, "आधी एक फेरी मारून येऊ." आले तेव्हा मिस्त्री गाडीतून उतरता उतरताच बोलू लागले. "गेला. साफ गेला. काय केलंत?"

"वहिनींनी फळीला चार टाके घातले," सिस्टर म्हणाल्या. "पट्टी थोडी सुटली होती." आणि गाडीत बसून निघून गेल्या.

मिस्त्री मागच्या भागात आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "बघ," ते वहिनीला म्हणाले, "तीनदा जमीन उखडली मी, आणि तू चार टाक्यांत काम केलंस. मला सुचलं कसं नाही? पट्टीचं फेल्टच हलकं आलं असणार, तुझ्या शिलाईचा दोष नाही."

नवऱ्याच्या तोंडून इतकं कौतुक तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते तिला सोसवेना. तिनं मशीन थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. ब्लेड, जेवणाची सुट्टी, कमरेला खोचलेली पट्टी. नखं आणि खुर्चीसुद्धा.

मिस्त्री ऐकत राहिले. मग त्या डगमगत्या स्टुलावर बसले. "किती दिवस झाले?"

"अकरा."

"त्यातला आठवडाभर मी सिस्टरांसमोर म्हणतोय, माझं काम कच्चं." त्यांनी हातातलं नवं रबर उलटसुलट केलं. "विचारायचं होतंस."

"काय विचारायचं होतं?"

"काहीही."

"आणि तुम्ही? त्यांनी एकदा सांगितलं तर बोळे घातले. मी दहा वर्षं..."

"तू सांगायचीस तेव्हा मशीन चालू असायचं," मिस्त्री म्हणाले. "मला वाटायचं, काहीतरी म्हणतेय. काय ते ऐकू यायचं नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खोटं बोलता येत नसे. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मशीन बंद असताना, त्यांच्याकडे बघून, पहिल्यांदाच नीट सांगितलं, की मला तुमचे कान जायला नको आहेत. आणि मला त्या बाईचा हेवा वाटला. अजून वाटतो.

मिस्त्रींनी मान हलवली. या खेपेला ती मान हो म्हणाली होती, हे तिला कळलं. पण त्यांनी तिच्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. उठून गेले आणि दोन दिवस कामापुरतंही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका टॅक्सीच्या दारांची अस्तरं तयार झाली. मिस्त्रींनी एक उचललं, आणि बसवण्याआधी उलटं करून कडेच्या शिवणीवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा. वहिनीनं ते पाहिलं. दुसरं अस्तर त्यांच्या हातात देताना तिनं स्वतःच ते उलटं करून धरलं.

असे चार महिने गेले. बोट फिरवणं थांबलं नाही, फक्त जरा भरभर होऊ लागलं. मिस्त्री संध्याकाळच्या वाटेवर कधीतरी आपणहून काही सांगत, की आज एका गाडीच्या छतात पावसाचा आवाज अडकला होता, असं काहीबाही. आणि वहिनी पायाचा वेग कमी करून ऐकायची. सगळंच तिला कळायचं असं नाही. मग ती म्हणायची, "हे परत सांगा." हे शब्द कुणाचे आहेत ते तिला ठाऊक होतं. तरी ती वापरायची, कारण उपयोगी पडत होते.

मग हॉस्पिटलनं दुसरी अँब्युलन्स पाठवली. मिस्त्री म्हणाले, "आत ऐकायला या वेळी तू बस. मी खाली सायलेन्सर बघतो."

सिस्टर आल्या. दोघींनी एकमेकींना नीट पाहिलं. मग दोघी गाडीच्या उघड्या पत्र्यावर उताण्या पडल्या, मध्ये हातभर अंतर. सिस्टरांनी डोळे मिटले, म्हणून वहिनीनंही मिटले. पायलटनं इंजिन चालू केलं. आधी नुसताच गोंगाट होता. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "तळाचा सोडा, त्याच्या वरचा धरा," आणि तिला तो सापडला: बारीक, उजवीकडचा, बांगड्या एकमेकींना लागाव्यात तसा. आपल्याला हे ऐकू येतं याचं तिला नवल वाटलं आणि एवढी वर्षं ते फुकट गेल्याचं वाईटही.

गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला. "सिस्टर, ऐकू येतंय का काही?"

आधी त्यांनाच विचारलं. वहिनीच्या छातीत ती जुनी कळ बरोबर जागेवर उमटली, आकारानं लहान, पण तीच. सिस्टर डोळे मिटून तशाच पडून राहिल्या, झोप लागल्यासारख्या.

"येतंय," वहिनी म्हणाली. "उजव्या बाजूला, मागं. पण तुम्ही आधी बोळे घाला. मग सांगते."